वाळवंट झाडणारा यात्रेकरू

ग्रीसच्या इजियन समुद्रात टिनोस नावाचे बेट आहे. स्वच्छ पाणी आणि वाळूचे किनारे यांच्या ओढीने युरोपभरातून पर्यटक तेथे येतात. बेटाची खरी कीर्ती मात्र मेरीमातेच्या मंदिराची. १८२३ मध्ये जमिनीत तिची प्रतिमा सापडली आणि टिनोस हे ग्रीक ख्रिस्ती समाजाचे मोठे तीर्थ बनले. दरवर्षी १५ ऑगस्टच्या उत्सवाला नवस बोललेली माणसे बंदरापासून देवळापर्यंतचा चढ गुडघ्यांवर रांगत पार करतात. ज्यांना निवारा मिळत नाही, ते देवळाच्या आवारात पथारी टाकून रात्र काढतात.

हे चित्र मराठी माणसाला परके वाटू नये. आषाढीला चंद्रभागेचे वाळवंट असेच माणसांनी फुलून जाते. देव सर्वांचा, पण यात्रेला आलेल्या गरिबाने रात्री पाठ कोठे टेकावी? या साध्या प्रश्नासाठी आयुष्य वेचणारा एक महापुरुष वऱ्हाडाच्या मातीत जन्मला. संत गाडगेबाबा हे त्यांचे नाव.

आजच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव हे छोटे गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आली. गुरे राखणे, नांगर धरणे, रात्री भजनात रमणे यात डेबूजीचे बालपण आणि तारुण्य सरले. शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नाही. सावकाराच्या कर्जाने मामाचे घर कसे पोखरले जाते, हे मात्र त्यांनी जवळून पाहिले. निरक्षर कुळाच्या अंगठ्याची किंमत काय होते, हे त्यांना तेव्हाच उमगले. पुढे कीर्तनांतून कर्ज, दारू आणि अज्ञान यांवर त्यांनी जे कोरडे ओढले, त्यामागे हा स्वानुभव होता.

कुंताबाईंशी विवाह झाला, संसार मांडला, मुले झाली. मुलीच्या बारशाला दारू-मटणाच्या जेवणाची जातरीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंदांत मोठी खळबळ उडाली. १९०५ मध्ये एका रात्री त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात झाडू आणि जवळ मातीचे गाडगे, हा त्यांचा पुढचा प्रपंच. त्या गाडग्यामुळेच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पूर्णा नदीकाठचे ऋणमोचन हे त्यांचे पहिले मोठे कार्यक्षेत्र. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरे. नावाप्रमाणे ऋणातून सुटका व्हावी म्हणून भाविक नदीत उतरत. परंतु काठ घसरडा आणि चिखलाचा होता. म्हाताऱ्या बायाबापड्यांचे हाल होत. बाबांनी तेथे श्रमदान सुरू केले आणि लोकवर्गणीतून घाट उभा राहिला. देवाकडे जाणारी वाट आधी माणसाला चालता येईल अशी करावी, हे सूत्र तेथे सिद्ध झाले आणि अखेरपर्यंत टिकले.

पंढरपूरची वारी बाबांनी निष्ठेने केली, परंतु देवळातील दर्शनाचा त्यांना सोस नव्हता. दिवसा वाळवंट आणि रस्ते झाडायचे, रात्री त्याच वाळवंटात कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा नेम. ज्यांना अस्पृश्य ठरवले गेले, त्यांची स्थिती तेथे सर्वांत बिकट होती. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर त्यांना खुले झाले. त्याआधी देऊळही बंद आणि बहुतेक निवारेही बंद. त्यांच्यासाठी बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ मध्ये ती इमारत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. ज्या छपराखाली यात्रेकरू झोपत होते, त्याचा उपयोग मुलांच्या शिक्षणाला व्हावा, हे बाबांच्या तीर्थकल्पनेशी सुसंगतच होते.

नाशिक, देहू, आळंदी, मुंबई येथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. आंधळे, पांगळे, महारोगी यांच्यासाठी सदावर्ते सुरू झाली. लक्षावधी रुपयांचा निधी बाबांच्या शब्दावर जमला. स्वतः बाबा मात्र मागून आणलेली भाकर खात आणि मिळेल तेथे अंग टाकत. आप्तांनी संस्थांच्या पैशावर हक्क सांगू नये, याबाबत ते कठोर होते. या कठोरपणाची झळ घरच्यांना लागली, हेही नोंदवले पाहिजे. कुंताबाई आणि सखुबाई यांचे दिवस गरिबीतच गेले. १९२३ मध्ये तरुण मुलगा गोविंदा याच्या मृत्यूची वार्ता बाबांना कोकणात खारेपाटण येथे कीर्तनाच्या वेळी मिळाली. कीर्तन त्यांनी थांबवले नाही. जगाचा संसार मांडणाऱ्याच्या घराला काय मोजावे लागते, याचा हिशेब चरित्रकाराला टाळता येत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशी त्यांचा जिव्हाळ्याचा संबंध होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला या निरक्षर संताचे नाव दिले. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाल्याने तो वऱ्हाडी आवाज आजही ऐकता येतो. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांची प्राणज्योत मालवली. मठात नाही, घरी नाही, वाटेवरच.

अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. तेथील विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. शासनाने २००० मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. परंतु बाबांच्या स्मारकाची खरी परीक्षा आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी होते. लाखो वारकरी परतल्यावर वाळवंटात मागे काय उरले आहे आणि ते कोण उचलणार आहे, एवढेच तेव्हा पाहावे. टिनोस असो वा पंढरपूर, आपण गेल्यावर तीर्थ कसे दिसते, यावर आपली यात्रा जोखली जाते.