पूंछचे दिवे आणि एअर कमोडोर मेहेरसिंग

विद्यार्थीमित्रहो, काळोख्या रात्री वसईच्या खाडीत शिरणाऱ्या तांडेलाला किनाऱ्यावरील दिवा केवढा आधार देतो, हे नायगावकरांस सांगावयास नको. आकाशातून परतणाऱ्या वैमानिकाचीही अवस्था तीच. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातील तळांवर रात्री परतणारी बाँबफेकी विमाने बिनतारी यंत्रावरून आपले सांकेतिक नाव कळवीत. नियंत्रक प्रत्येकास घिरट्या घालण्याची उंची व उतरण्याचा क्रम सांगे. दुतर्फा दिवे लावलेल्या धावपट्टीवरून एक विमान बाजूस झाले, म्हणजे दुसऱ्यास परवानगी मिळे. असा सुसज्ज तळ नसतानाही रात्री विमान उतरविण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले, त्या मेहेरसिंगांचे हे चरित्र आहे.

त्यांचा जन्म 1915 साली लायलपूर येथे झाला. इंग्लंडात क्रॅनवेल येथे शिक्षण घेऊन 1936 साली ते हवाई दलात अधिकारी झाले. ब्रह्मदेशाच्या युद्धात त्यांनी 6 व्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले आणि 1944 साली डी.एस.ओ. हे पदक मिळविले. त्या युद्धात हा मान मिळालेले भारतीय हवाई दलातील ते एकमेव अधिकारी होत.

1947 च्या अखेरीस काश्मीरातील पूंछ शहरास वेढा पडला. हजारो निर्वासित आत अडकले. तेथील सैनिकांनी व निर्वासितांनी मिळून एक आखूड धावपट्टी तयार केली. तिच्या तीन बाजूंस ओढे व सभोवार डोंगर होते. मेहेरसिंगांनी प्रथम स्वतः तेथे डाकोटा विमान उतरविले आणि मगच आपल्या वैमानिकांस तेथे धाडले. येताना धान्य व दारूगोळा, जाताना जखमी व निर्वासित, असा क्रम सुरू झाला. पुढे शत्रूच्या तोफा धावपट्टीवर मारा करू लागल्या. त्यांस उत्तर देण्यास मोठ्या तोफा हव्या होत्या, आणि दिवसा उतरणे धोक्याचे होते. तेव्हा 1948 च्या मार्चमध्ये तेलाच्या दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडात, रात्री, त्या तोफा विमानांनी तेथे पोचविण्यात आल्या. शहर वाचले.

24 मे 1948 रोजी त्यांनी जनरल थिमय्यांसह उत्तुंग हिमशिखरे ओलांडून लेह येथेही विमान उतरविले. महावीरचक्राने त्यांचा गौरव झाला. 16 मार्च 1952 रोजी वादळात विमान कोसळून त्यांचा अंत झाला.

मुलांनो, मेहेरसिंगांचे धैर्य थोर खरेच. परंतु त्या रात्री खाली दिवे लावून उभ्या राहिलेल्या अनामिकांचे ऋणही तेवढेच मोठे आहे. आकाशातील वीरासही जमिनीवरच्या दिव्याचा विश्वास लागतो.