विश्लेषण : बडोद्याची सयाजीबाग आणि कवळाण्याचा गोपाळ, सर्वांसाठी खुल्या बागेत बाबासाहेबांना का बसावे लागले?

बीड, माजलगाव भागातल्या मुलांना प्राणिसंग्रहालय म्हटले की छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान आठवते. तिकीट काढायचे आणि आत जायचे, यात आता कुणाला नवल वाटत नाही. संस्थानी काळात मात्र वाघ-सिंह राजाचे असत आणि बहुतेक वेळा बागही राजाचीच. बडोद्यात 1879 मध्ये विश्वामित्री नदीच्या काठी लोकांसाठी बाग आणि प्राणिसंग्रहालय उभे राहिले. तेव्हा तिला कमाटीबाग म्हणत, आज ती सयाजीबाग आहे. ज्यांचे नाव तिला मिळाले ते महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्याचे.

गोपाळचा सयाजीराव कसा झाला?

कवळाणे गावात 11 मार्च 1863 रोजी जन्मलेला गोपाळ शेतकरी घरातला. कुळ गायकवाडांचेच, पण शाखा दूरची. 1875 मध्ये ब्रिटिशांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. दिवंगत खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. कवळाण्याहून मुले आणली गेली, त्यात गोपाळची निवड झाली. बारा वर्षांच्या या मुलाला तोवर लिहिता-वाचताही येत नव्हते.

बडोद्याला प्राणी नवे नव्हते. खंडेरावांच्या काळातल्या हत्तींच्या झुंजी प्रसिद्ध होत्या. 1875 च्या अखेरीस प्रिन्स ऑफ वेल्स आले, तेव्हाही झुंजी झाल्या. त्यानंतर चारच वर्षांत हे संग्रहालय सुरू झाले.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. बाग झाली तेव्हा महाराज 16 वर्षांचे होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे होता. त्यामुळे सगळे श्रेय एकट्या महाराजांना देता येत नाही. पूर्ण अधिकार त्यांना 28 डिसेंबर 1881 रोजी मिळाले. पुढे याच बागेत त्यांनी वस्तुसंग्रहालय उभारले (1894). शेजारी चित्रसंग्रहालय बांधले, पण पहिल्या महायुद्धामुळे ते लोकांसाठी खुले व्हायला 1921 उजाडले.

बागेपलीकडचे काम

स्वतः उशिरा अक्षर गिरवलेल्या या राजाने 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 मध्ये ते संपूर्ण संस्थानात लागू केले. गावोगावी ग्रंथालये काढली. अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडल्या, पण तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक सहजी मिळेनात.

1917 मध्ये काय घडले?

भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी 1913 मध्ये महाराजांनीच शिष्यवृत्ती दिली होती. बदल्यात दहा वर्षे बडोद्यात नोकरी करायची, असा करार होता. त्यानुसार ते सप्टेंबर 1917 मध्ये बडोद्यात आले. नोकरी मिळाली, राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना तिथून बाहेर काढले. हिंदू आणि ख्रिस्ती परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. सरकारी बंगल्यासाठीच्या अर्जाचा निर्णय लागत नव्हता. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले.

म्हणजे ज्या राजाने त्यांना अमेरिकेला पाठवले, त्याच्याच राजधानीत त्यांना छप्पर मिळाले नाही. बसायला मिळाली ती सार्वजनिक बाग. महाराजांच्या चरित्रात हा प्रसंग अनेकदा घाईने उरकला जातो. शाळा काढणे, शिष्यवृत्ती देणे त्यांच्या हुकमाने होत होते. भाड्याची खोली मात्र शहरातल्या माणसांच्या हातात होती, आणि सरकारी निवास द्यायला त्यांचेच अधिकारी दिरंगाई करत होते. यातला दुसरा दोष दरबाराचा, तो टाळता येत नाही.

सयाजीरावांचे 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत निधन झाले. त्यांनी 63 वर्षांहून अधिक काळ राज्य केले. बाबासाहेब बागेतल्या ज्या वडाखाली बसले असे मानले जाते, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दर 23 सप्टेंबरला तिथे लोक जमतात.