शंकर आबाजी भिसे: साखर मोजणाऱ्या मशीनच्या आयडियावर लंडन गाठणारे मुंबईकर

माटुंग्यातल्या कुठल्याही घराचा ओटा बघा. कुकर, मिक्सर, तवा असणारच. स्टेशनच्या पूर्वेला राहत असाल तर इडलीपात्र आणि फिल्टर कॉफीचं भांडंही. आता त्यांच्या शेजारी डिजिटल वजनकाटाही दिसू लागलाय. वर बाऊल ठेवायचा, बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा आणि मैदा ओतत राहायचा. आत धातूची एक छोटी पट्टी असते. वजनाने ती अगदी किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि चिप त्या बदलाचे ग्रॅम करून दाखवते.

पण मैदा ओतायचं आणि बरोबर वेळी थांबायचं काम अजून तुमचंच. हेही मशीननेच करावं, अशी एक स्पर्धा 1897 च्या सुमारास लंडनच्या एका नियतकालिकाने ठेवली होती. साखर, पीठ असा किराणा मशीनने स्वतःच मोजायचा आणि स्वतःच खाली सोडायचा. ती जिंकली शंकर आबाजी भिसे या मुंबईकराने.

भिसेंचा जन्म 29 एप्रिल 1867 चा, मुंबईतलाच. चौदाव्या वर्षी त्यांनी कोळशापासून गॅस बनवायचं उपकरण तयार केलं होतं. इंजिनिअरिंगची डिग्री मात्र नव्हती. आज माटुंग्यात असलेलं व्हीजेटीआय 1887 मध्ये सुरू झालं, तेही भायखळ्याला, आणि तेव्हा भिसे वीस वर्षांचे होते. मग काय, मुंबईत विज्ञानाची आवड असलेल्यांचा क्लब काढला आणि स्वतःच शिकत गेले. लोकलच्या प्रवाशांना पुढचं स्टेशन कळावं म्हणून त्यांनी इंडिकेटरही बनवला होता.

आता ते मोजणारं मशीन. ऐकायला सोपं वाटतं, पण साखर घरंगळते आणि पीठ अडकतं. त्यात वजन पूर्ण झालं त्या क्षणी झडप बंद केली, तरी हवेत असलेला माल खाली पडतोच, म्हणजे प्रत्येक वेळी थोडं जास्त. त्यामुळे धार जराशी आधीच तोडावी लागते. आजच्या कारखान्यांत हे सेन्सर सांभाळतो. वर सांगितलेली चिकटवायची तार आली 1938 मध्ये. भिसेंच्या काळात हाताशी होत्या तरफा, स्प्रिंगा आणि वजनं.

बक्षीस मिळाल्यावर भिसे लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला. भिसेंच्या डोक्यातून स्वयंपाकघरातली उपकरणं, विजेवर चालणाऱ्या जाहिराती, आपोआप फ्लश होणारा संडास असं काय काय निघत राहिलं. पण मोठी उडी होती भिसोटाइप. छापखान्यात लागणारे अक्षरांचे खिळे झपाट्याने ओतणारं हे मशीन. या धंद्यात आधीच बड्या कंपन्या बसलेल्या होत्या, आणि मशीन बाजारात आणायचं तर भरपूर भांडवल हवं. दादाभाई स्वतः श्रीमंत नव्हते. ओळखीपाळखीतून पैसा उभा करायचा प्रयत्न त्यांनी वर्षानुवर्षं केला, पण तो पुरला नाही. 1908 च्या डिसेंबरमध्ये भिसे बोटीने मुंबईला परत निघाले.

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते! गोखल्यांनी त्यांची गाठ रतन टाटांशी घालून दिली. (हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. आपल्याला माहीत असलेले रतन टाटा तेव्हा जन्मलेही नव्हते.) टाटांच्या पैशावर कंपनी निघाली, पण तीही काही वर्षांतच बंद पडली. 1916 मध्ये भिसे न्यूयॉर्कला गेले. म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आजच्या भाषेत सांगायचं तर फंडिंगचे दोन राउंड झाले, पण प्रॉडक्ट काही बाजारात टिकलं नाही. त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणतात. मला ही उपमा अर्धवट वाटते. एडिसनकडे स्वतःची प्रयोगशाळा होती, माणसं होती आणि पैसे लावणारे लोक दारात होते. भिसेंना प्रत्येक वेळी आधी पैसेवाला शोधावा लागला आणि मगच हातात हत्यारं घेता आली.

अमेरिकेत त्यांना थोडं स्थैर्य मिळालं ते एका औषधामुळे. ॲटोमिडीन नावाचं आयोडीनचं हे द्रावण तिथे विकलं जाऊ लागलं. पुढे एडिसनचीही भेट झाली. 7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्कमध्येच भिसे वारले. व्हीजेटीआय माटुंग्याला आलं होतं 1923 मध्ये. त्या वेळी भिसे न्यूयॉर्कमध्ये होते.