मातीच्या घराचा ध्यास

मैत्रिणींनो, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नाही. वाळू, सिमेंट आणि सळई या तीन शब्दांनीच घरातल्या कर्त्या माणसाची झोप उडते. पण घर बांधायला या तिन्ही गोष्टी लागतातच का? ज्याच्यापाशी पायाखालच्या मातीशिवाय काही नाही, त्यानं काय कायम मोडक्या खोपटातच राहायचं? इजिप्तमधल्या एका माणसाला या प्रश्नानं असं काही धरलं की त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. त्यांचं नाव हसन फतही. गरिबांच्या घरांचा विचार करणारा आर्किटेक्ट म्हणून जगभर त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं. मला मात्र त्यांच्याविषयी लिहावंसं वाटलं ते वेगळ्या कारणानं. त्यांच्या गोष्टीत यश आहे तसंच मोठं अपयशही आहे. आणि त्या अपयशात आपल्या, म्हणजे घर चालवणाऱ्या बायकांच्या कामाचं बरंच काही आहे.

हसन फतहींचा जन्म २३ मार्च १९०० चा, अलेक्झांड्रियातला. घरची चांगली श्रीमंती, वडिलांच्या मालकीची शेतीवाडी. पण वडिलांना खेड्याचा मनापासून तिटकारा. खेडं म्हणजे माशा, डास आणि घाण पाणी, असं त्यांचं पक्कं मत. वर्षातून एकदा जवळच्या मन्सुरा शहरापर्यंत जायचं, कारभाऱ्यांकडून खंड वसूल करायचा आणि परत फिरायचं. मुलांना तर तिकडं पाऊलही टाकू द्यायचे नाहीत.

आईचं अगदी उलट. तिच्या लहानपणाचा काही काळ खेड्यात गेला होता आणि तिचा जीव तिथंच अडकलेला. मागं मागं फिरणारी कोकरं, कोंबड्या, कबुतरं, केरसुणीचं गवतसुद्धा बांधावरच मिळायचं, अशा गोष्टी ती मुलांना सांगायची. तिला पुन्हा खेड्यात जाऊन राहायचं होतं. ते शेवटपर्यंत जमलं नाही. पण तिची ओढ मुलाच्या मनात उतरली. आईच्या मनात राहून गेलेल्या गोष्टी मुलं कशी उचलतात, बघा!

तरुण हसनला शेतकी कॉलेजात जायचं होतं. पण शेत पाहिलेलं रेल्वेच्या खिडकीतून तेवढंच! पुस्तकं पाठ करून परीक्षेला गेले आणि नापास झाले. मग आर्किटेक्चरकडे वळले आणि १९२६ मध्ये पदवीधर झाले. वयाच्या २७ व्या वर्षी ते पहिल्यांदा आपल्या घरच्या शेतीवर गेले. तिथं आईच्या गोष्टीतलं गोजिरं खेडं कुठंच नव्हतं. होत्या त्या काळोख्या, कोंदट, वाकून शिरावं लागणाऱ्या खोपट्या. आणि त्यात राहणारी माणसं त्यांच्याच घरच्या जमिनीत राबणारी होती. आपलं सुख या माणसांच्या जिवावर उभं आहे, ही बोच त्यांना तेव्हा जी लागली ती कायमची.

आता या माणसांना चांगली घरं द्यायची तर कशाची? सिमेंट-लोखंड त्यांच्या आवाक्याबाहेरचं. विटांच्या भट्टीला जळण हवं, तेही विकतचं. पण इजिप्तचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मातीत काड-भुसा कालवून, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या भिंती घालत होताच. फतहींनी तीच वीट उचलली. भिंतींचा प्रश्न सुटला, अडलं ते छपराशी. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांना कसं, आधी लाकडी तुळया आणि मग त्यावर माती. इजिप्तमध्ये लाकूड मुळातच कमी, त्यात दुसरं महायुद्ध सुरू झालेलं. बाहेरून लाकूड येईना, लोखंड मिळेना. फतहींनी विटांचंच कमानदार छत घालून पाहिलं. ते कोसळलं. पुन्हा घातलं, पुन्हा कोसळलं.

मग त्यांच्या भावानं वाट दाखवली. तो दक्षिणेला आस्वान धरणाच्या कामावर होता. तिकडचे न्यूबियन लोक लाकडाशिवायच घरावर छत घालतात, असं त्यानं सांगितलं. १९४१ मध्ये फतही आस्वानला गेले. नदीपलीकडच्या गावात उंच, स्वच्छ, रंगवलेली घरं एका ओळीत उभी होती, आणि सगळी मातीची!

तिथल्या गवंड्यांची रीत मोठी हुशारीची. खोलीची मागची भिंत जरा उंच चढवायची. तिच्यावर गाऱ्यानं नुसत्या नजरेच्या अंदाजानं कमानीचा आकार काढायचा. मग पातळ, हलक्या विटांचा पहिला थर त्या भिंतीला तिरका टेकवायचा, दुसरा पहिल्याला, तिसरा दुसऱ्याला. विटेवर बोटांनी ओढलेल्या खाचा असतात, त्यामुळे ती गाऱ्याला घट्ट धरते आणि घसरत नाही. ना सेंट्रिंग, ना फळ्या, ना खांब. दोन गवंडी बघता बघता खोली झाकून टाकतात. ही विद्या काही नवी नव्हे. लक्सरला रामसेसच्या मंदिरामागं धान्याच्या कोठारांवर अशीच मातीची छतं आहेत, ती तीन हजारांहून जास्त वर्षं उभी आहेत. म्हणजे गरिबाच्या घराचं उत्तर गरिबाच्याच हातात होतं. शिकलेल्या लोकांनी ते विचारलं नव्हतं इतकंच.

यानंतर १९४५ मध्ये त्यांच्याकडे मोठं काम चालून आलं. लक्सरजवळ डोंगरावर गुर्ना नावाचं गाव होतं, वस्ती साधारण ७००० ची. ते वसलं होतं प्राचीन थडग्यांच्या वरच. थडग्यांतल्या वस्तू शोधायच्या, विकायच्या, परदेशी पाहुण्यांना वाट दाखवायची, खोदकामावर मजुरी करायची, यावर गावाची चूल पेटायची. एका थडग्यातला कोरीव दगडच कापून पळवला गेला, तेव्हा सरकारनं ठरवलं की अख्खं गाव उठवून खाली सपाटीवर वसवायचं. त्यासाठी ५० एकर जमीन घेतली. ९०० घरं बांधायची होती आणि पैसा बेताचा. म्हणून फतहींना बोलावणं आलं.

फतहींनी मन लावून काम केलं. एकाच साच्यातली, काडेपेट्या मांडल्यासारखी घरं त्यांना नको होती. चार भाऊबंदांची घरं एका चौकाभोवती, प्रत्येकाला आपलं अंगण, गुरांना जागा, जाड भिंती, वर घुमट, खिडक्यांना विटांचीच जाळी. शाळेसाठी त्यांनी वारा धरणारा उंच मनोरा बांधला. वरून आलेला वारा ओल्या कोळशावरून खाली वर्गात उतरायचा आणि आत साधारण १० अंशांनी गार व्हायचं. वीज नाही, पंखा नाही! शिवाय मशीद, बाजार आणि हस्तकला शिकायची जागाही त्यांनी आखली.

बायकांच्या कामाकडेही त्यांचं लक्ष होतं. कपडे धुणारी बाई कशी बसते आणि पाणी कुठं वाहतं, हे बघून त्यांनी धुण्याची जागा केली. पाण्याचे रांजण वाऱ्याच्या जागी ठेवायची सोय केली. तिकडं थंडीत रात्री गारठा असतो. युरोपातल्या शेगडीची कल्पना त्यांनी घेतली, पण ती गावातल्या भट्ट्या घालणाऱ्या एका म्हातारीकडून माती आणि शेणातच करवून घेतली. मला त्यांचं हेच फार आवडतं. कल्पना कुठलीही असो, ती गावच्या हातातून यायला हवी.

हे सगळं खरं, पण गावातल्या बायकांशी मात्र त्यांना बोलता आलं नाही. तिथं पडद्याची रीत कडक. परक्या पुरुषानं घरातल्या बाईला विचारणार कसं? बोलणी झाली ती गावच्या पुढाऱ्यांशी, म्हणजे पुरुषांशी. घरात दिवसभर राहणार त्या बायका, चूल त्यांची, पाणी त्यांचं, आणि नेमक्या त्यांनाच विचारायचं राहिलं. ही उणीव फतहींना जाणवत होती आणि पुढे आपल्या पुस्तकात त्यांनी ती मान्यही केली. पाण्याचंच घ्या. घरोघरी नळ द्यावा की विहिरीवर पाणी ठेवावं, याचा त्यांना पेच पडला होता. विहिरीवर जाणं म्हणजे मुलीबाळींना घराबाहेर पडायची एकुलती एक संधी, तिथंच त्या चार जणींना भेटणार आणि लग्नाच्या मुली लोकांच्या नजरेत येणार. विचार किती बारीक! पण हंडा ज्यांच्या डोक्यावर, त्यांना काय हवं होतं? मोकळीक हवी होती की डोक्यावरचा भार उतरायला हवा होता? माझ्या मते याचं उत्तर त्या बायकांशिवाय दुसऱ्या कुणाला देताच आलं नसतं.

काम सुरू झालं आणि अडचणींची रांग लागली. विटांना भुसा हवा, तर त्याचे कागद महिनोन्‌महिने कचेऱ्यांत फिरायचे. मजुरांचे पगार अडायचे. सरकारी इंजिनिअरांना मातीचं काम म्हणजे मागासलेपणा वाटायचा. मातीत ठेकेदाराला सुटणार तरी काय? पण सर्वांत मोठा अडसर ज्यांच्यासाठी घरं होती त्यांचाच. गुर्नाच्या लोकांना हलायचंच नव्हतं. नवी घरं ऐसपैस असतील, पण जुन्या घराखाली त्यांची रोजीरोटी होती, ती सपाटीवर कशी मिळणार? घुमटाचं छत बघून कबरीची आठवण यायची ती वेगळीच. पुराच्या दिवसांत नव्या गावाभोवतीचा बांध फोडून पाणी आत सोडण्यापर्यंत मजल गेली. तीन हंगामांनंतर, १९४८ च्या सुमारास, काम थांबलं. ९०० घरांपैकी जेमतेम पाचवा हिस्साही पुरा झाला नव्हता.

आईच्या गोष्टीतलं खेडं जमिनीवर उभं करणाऱ्या माणसाला हा घाव किती लागला असेल! पण मी गुर्नाच्या लोकांनाही दोष देत नाही. घर म्हणजे चार भिंती आणि छत एवढंच नसतं. दारापासून कामावर जायला किती वेळ लागतो, शेजारी कोण आहे, अडीअडचणीला उधार कोण देतो, हे सगळं मिळून घर होतं. ते सोडून चांगल्या घरात जा म्हणणं सोपं, जाणाऱ्याला विचारा!

पुढे १९५७ मध्ये फतही देश सोडून ग्रीसमध्ये अथेन्सला गेले आणि काही वर्षांनी परतले. १९६७ मध्ये वाळवंटातल्या बारिस या ठिकाणी नवं गाव बांधायला घेतलं, तर त्याच वर्षी युद्ध पेटलं आणि तेही काम अर्ध्यावर राहिलं. दुसरा कुणी असता तर खचला असता. फतहींनी गुर्नाची सगळी हकीकत लिहून काढली, आपल्या चुका आणि फजित्यांसकट. ते पुस्तक १९६९ मध्ये कैरोत छापलं गेलं आणि १९७३ मध्ये अमेरिकेतून निघाल्यावर जगभर पोचलं. गाव फसलं, पण गावाची गोष्ट मात्र देशोदेशीच्या तरुण आर्किटेक्टांना वाट दाखवून गेली. घर बांधताना शेजारपाजाऱ्यांनी एकमेकांसाठी राबावं, आपल्याकडे शेतात सावड करतात तसं, हा विचारही त्यांनी त्यात मांडला. १९८० मध्ये पर्यायी नोबेल म्हणून ओळखला जाणारा राईट लाइव्हलीहूड पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो मिळवणाऱ्यांत फतही होते. त्याच वर्षी आगा खान पुरस्कारांतही त्यांचा खास गौरव झाला. तोवर ते ८० वर्षांचे झाले होते.

शेवटची वर्षं ते कैरोतल्या किल्ल्याजवळच्या एका जुन्या घरात राहिले. मूलबाळ नव्हतं, सोबतीला मांजरं. भेटायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचा राबता असायचा. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचं निधन झालं.

नव्या गुर्नात पुढे दुसरी कुटुंबं राहायला आली. जमिनीतलं पाणी वर चढून भिंतींना ओल लागली. कुटुंबं वाढली तशी बरीच घरं पाडून तिथं काँक्रीटची मजली घरं उठली. मशीद मात्र आजही उभी आहे. आणि डोंगरावरच्या जुन्या गुर्नाचं काय झालं? २००६ पासून पुढच्या काही वर्षांत सरकारनं ती वस्ती शेवटी पाडलीच आणि लोकांना तिसऱ्याच ठिकाणी हलवलं.

मातीचं घर सगळीकडे चालेल असं मुळीच नाही. जिथं धो धो पाऊस, तिथली रीत वेगळी, आणि भूकंपाच्या पट्ट्यात तर जाणत्याचा सल्ला हवाच. फतहींकडून घ्यायचं ते एवढंच की आधी आपल्या आसपास काय मिळतं ते बघावं, गावच्या गवंड्याला काय येतं ते विचारावं, ऊन आणि वारा कुठून येतो ते पाहावं. स्वस्त घर कुरूप किंवा कोंदट असायलाच हवं असं नाही, हे त्यांनी करून दाखवलं. आणि त्यांना जे साधलं नाही, तेही आपण शिकायचं. गावात घरांची कुठलीही योजना येवो, नाहीतर आपल्याच घराचा नकाशा टेबलावर येवो, तो पुरुषांनी पाहून गुंडाळून ठेवण्याआधी आपण मागून घ्यायचा. ओटा कुठं, न्हाणी कुठं, पाणी कुठून येणार, धूर कुठून जाणार आणि दुपारचं ऊन कुठल्या खोलीत, हे विचारायचं. नवऱ्याला, सासऱ्यांना, इंजिनिअरसाहेबांना, सगळ्यांना विचारायचं. संकोच कसला त्यात? भिंती उभ्या राहिल्या की मग विचारून काही उपयोग नसतो.