हसन फथी

इजिप्तमधील एका सधन जमीनदाराच्या घरी १९०० साली हसन फथी यांचा जन्म झाला. स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेऊन ते शेतावर गेले, तेव्हा शेतमजुरांची कोंदट खुराडी पाहून त्यांचे मन विषण्ण झाले. सिमेंट व लोखंड या लोकांस परवडणारे नव्हते. माती मात्र पायांखालीच होती.

मातीच्या भिंती उभ्या राहत, पण छपरास लाकूड लागे आणि महायुद्धामुळे तेही मिळेनासे झाले. फथींनी विटांची कमानदार छपरे रचून पाहिली; ती कोसळली. अखेर १९४१ साली अस्वान येथे त्यांना नूबियन गवंडी भेटले. मागच्या भिंतीस विटा तिरक्या टेकवीत ते लाकडी साच्यावाचून छप्पर चढवीत. ही विद्या फथी त्यांच्याकडून शिकले.

पुढे लक्सरजवळील गुर्ना गाव हलविण्याचे काम सरकारने त्यांच्यावर सोपविले. त्यांनी मातीचे सुंदर गाव उभारण्यास आरंभ केला. परंतु जुने गाव प्राचीन थडग्यांवर वसलेले होते व तेथील वस्तू विकून अनेकांचा चरितार्थ चाले. गावकरी हलेनात. काम अर्धवट राहिले आणि लोक मातीलाच हसू लागले! दोष विटांचा खचित नव्हता.

मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता हळूहळू शोषून घेते; ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते. १९६४ साली कैरोत खोल्या बांधून याची परीक्षा झाली. ५० सेंटिमीटर जाड भिंतींच्या मातीच्या खोलीत अहोरात्रात तापमान २ अंशांहून अधिक बदलले नाही. १० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची खोली ३६ अंशांपर्यंत तापली.

१९८९ साली फथी कैरोत निवर्तले.