वाटाण्याच्या वाफ्यातले फादर मेंडेल



टेंभी नाक्यावरून जांभळी नाक्याच्या बाजारात आपण नेहमीच जातो. तिथे वाण्याकडे दोन प्रकारचे सुके वाटाणे मिळतात. एक हिरवा, उसळीचा. दुसरा पांढरा, रगड्याचा. पांढरा आपण म्हणतो, पण भिजवून साल काढली की आत तो पिवळाच असतो. या पिवळ्या आणि हिरव्या वाटाण्यांवर एका कॅथलिक धर्मगुरूने आठ वर्षे घालवली. आपली मुले शाळेत त्यांचे नाव पाठ करतात, गुणोत्तर लिहितात आणि गुण मिळवतात. पण ते व्रतस्थ धर्मगुरू होते हे आम्ही काही मुलांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. म्हणून या रविवारी फादर ग्रेगॉर मेंडेल यांच्याविषयी.

त्यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. स्नानसंस्काराचे नाव योहान. वडील अँटन शेतकरी. स्वतःचे शेत होते, तरी आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराकडे वेठीला जावे लागे. गावच्या धर्मगुरूंना, फादर श्रायबर यांना, फळझाडांचा फार नाद. ते लोकांना चांगल्या जातीची कलमे देत आणि शाळेतल्या मुलांनाही झाडांची माहिती शिकवीत. छोटा योहान त्या बागेतच घडला.

इथे जरा थांबू. आपल्याकडे हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल याची खात्री नसते. म्हणून कलम बांधतात. कलम म्हणजे त्याच झाडाची हुबेहूब प्रत. ज्याला आज क्लोन म्हणतात, ते शेतकरी शेकडो वर्षे करीत आला आहे. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली तेव्हा जगाला धक्का बसला, कारण पूर्ण वाढ झालेल्या सस्तन प्राण्याच्या पेशीपासून अशी प्रत प्रथमच तयार झाली होती. बीजाचे मात्र तसे नाही. बीजात आई आणि बाप दोघांचा वाटा असतो. हा वाटा कसा पडतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

योहान हुशार, पण घरात पैसा नव्हता. १८३८ मध्ये लाकूडतोड करताना वडिलांच्या अंगावर झाड कोसळले आणि ते कायमचे खचले. मुलगा शिकवण्या करून, प्रसंगी अर्धपोटी राहून शिकला. पुढे तेही जमेना, तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने हुंड्यासाठी ठेवलेल्या आपल्या वाट्यातला भाग भावाच्या शिक्षणाला दिला. भावाने ते कधी विसरले नाही. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला आणि त्यातले दोघे डॉक्टर झाले. विज्ञानाच्या पुस्तकात तेरेझियाचे नाव सहसा येत नाही. आमच्या मते यायला हवे.

१८४३ मध्ये योहान ब्रुनो शहरातील संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाले आणि त्यांना ग्रेगॉर हे नाव मिळाले. १८४७ मध्ये गुरुदीक्षा झाली. पण आजाऱ्यांच्या भेटीला इस्पितळात गेले की त्यांचे मन इतके कासावीस होई की ते स्वतःच आजारी पडत. मठाधिपती सिरिल नाप यांनी त्यांना दोष दिला नाही, शाळेत शिकवायला पाठवले. मुलांना ते फार आवडत. मात्र शिक्षकाच्या परीक्षेत १८५० मध्ये ते नापास झाले. नाप यांनी त्यांना दोन वर्षे व्हिएन्ना विद्यापीठात धाडले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, तीही अर्धवट राहिली. मठाधिपती होईपर्यंत ते बदली शिक्षकच राहिले. दहावीच्या निकालाने घर डोक्यावर घेणाऱ्या पालकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

त्याच १८५६ साली मठाच्या बागेत प्रयोग सुरू झाले. कळी उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढायचे, कुंचल्याने दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, फुलाला पिशवी बांधायची. १८६३ पर्यंत सुमारे २८,००० झाडे झाली. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या झाडांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे. हिरवा गेला कुठे? पुढच्या पिढीत तो परत आला: ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. म्हणजे जवळजवळ तीनास एक.

मेंडेल यांनी अर्थ लावला तो असा. प्रत्येक गुणासाठी झाडाजवळ दोन घटक असतात, एक आईकडून, एक बापाकडून. पुढच्या पिढीला त्यातला एकच जातो, आणि कोणता जाईल ते चिठ्ठी टाकल्यासारखे. एक जरी पिवळा असला तरी दाणा पिवळा. दोन्ही हिरवे आले तरच हिरवा. या घटकांना आपण आज जनुके म्हणतो.

हे गणित आपल्या घराघरांत चालू असते. मुंबईच्या केईएम इस्पितळात १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक रक्तगट शोधला, तो जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण अशा माणसाला 'ओ' रक्तही चालत नाही. आईबापांचे रक्त सहसा नेहमीचेच असते. दोघांकडून दडलेला घटक आला की मूल असे निघते.

थॅलेसेमियाचेही तसेच. आई आणि वडील दोघेही मायनर असतील, तर ते स्वतः धडधाकट दिसतात. मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर आजार होण्याची शक्यता चारात एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे मुळीच नाही. दर वेळी चिठ्ठी नव्याने टाकली जाते. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. साध्या रक्ततपासणीत मायनर कळतो. लग्न ठरवताना आपण पगार, घर, गाव सगळे विचारतो; ही तपासणी विचारायला मात्र लाजतो. आणि मूल आजारी झाले की बोट सुनेकडे जाते. मेंडेल यांच्या हिशेबात दोघांचा वाटा अगदी सारखा आहे.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी त्यांनी ब्रुनोच्या निसर्ग अभ्यासकांच्या मंडळात हे निष्कर्ष वाचून दाखवले. १८६६ मध्ये निबंध छापला गेला, पण त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नाही. म्युनिकचे प्राध्यापक नेगेली यांच्याशी पत्रव्यवहार झाला, आणि मेंडेल यांनी हॉकवीड या रानफुलावर मेहनत सुरू केली. तिथे नियम लागूच पडेना. त्या वनस्पतीत बरेचदा परागाशिवायच बी तयार होते, म्हणजे बीजातूनच कलम. हे तेव्हा कोणाला माहीत असणार!

१८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि प्रयोग मागे पडले. मधमाश्या पाळल्या, हवामानाच्या नोंदी ठेवल्या. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो त्यांना अन्यायाचा वाटला आणि अखेरपर्यंत त्यांनी तो भरला नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, ते प्रभूघरी गेले. अंत्यविधीच्या मिस्साला संगीताची बाजू सांभाळली ती पुढे थोर संगीतकार म्हणून गाजलेल्या यानाचेक यांनी. लोक जमले ते गरिबांच्या कैवारी मठाधिपतींसाठी. त्यांचे बरेचसे कागद नंतर जाळून टाकण्यात आले.

१९०० साली तीन देशांतल्या तीन शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे तोच नियम आढळला, आणि जुन्या अंकांत शोधताना हा ३४ वर्षांपूर्वीचा निबंध सापडला. द्विशताब्दीच्या निमित्ताने २०२१ मध्ये ऑगस्टिनियनांच्या संमतीने ब्रुनोच्या दफनभूमीतील त्यांची कबर उघडण्यात आली. एकाच कबरीत अनेक व्रतस्थांचे अवशेष होते. त्यातले मेंडेल कोणते, हे ठरवायला त्यांच्या वापरातल्या वस्तूंवर राहिलेला डीएनए कामी आला.