कोल्हापुरात कॅमेरा घडवणारे बाबूराव पेंटर



मागच्या एका दप्तराविना शनिवारी मुलांना सांगितलं होतं की, घरात जुना कॅमेरा, जुने फोटो, निगेटिव्ह असं काही असेल तर मोठ्यांना विचारून घेऊन या. मला वाटलं दोन-चार फोटो येतील. पण टेबल भरलं की हो! तीन रीळवाले कॅमेरे आले, एक आग्फा क्लिक थ्री आला, आजीच्या लग्नाचा ब्रशनं रंगवलेला कृष्णधवल फोटो आला. एका पालकांनी तर बंद पडलेल्या स्टुडिओतला भाता असलेला लाकडी पेटी कॅमेरा स्वतः उचलून आणला. आग्फाच्या एका रिळात फक्त बारा फोटो निघायचे, हे ऐकून मुलं हसायला लागली. आईच्या मोबाईलमध्ये बारा हजार असतील!

मी टेबलावरच्या वस्तू जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीनं मांडल्या आणि थोडक्यात गोष्ट सांगितली. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरनं चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र पकडलं. मग काचेची प्लेट आली, मग गुंडाळता येणारी फिल्म आली. १८८८ मध्ये ईस्टमननं कोडॅक कॅमेरा काढला आणि फोटो सामान्य माणसाच्या हातात गेला. १८९६ च्या ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, हे सगळे कॅमेरे बाहेरनंच आले? आपल्यातल्या कुणी केला नाही का?"

केला होता. आणि तोही फार लांब नाही, किर्लोस्करवाडीला गाडीत बसलं की दुपारपर्यंत पोचतो त्या कोल्हापुरात. तो करणाऱ्या माणसाची गोष्ट त्या दिवशी अर्धीच सांगून झाली. म्हणून ती इथे पूर्ण लिहिते, तुम्हाला वर्गात वापरता येईल.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घर कारागिरांचं. वडिलांच्या हातात लाकूडकाम, लोखंडकाम, कोरीवकाम असा सगळा कसब होता. बाबूरावांचं शालेय शिक्षण फार झालं नाही, कुठल्या कलाशाळेतही ते गेले नाहीत. घरातली हत्यारं आणि चुलतभाऊ आनंदराव, हीच त्यांची शाळा. (शाळेत न रमलेल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगताना मला जरा धास्तीच वाटते. मुलं त्यातलं नेमकं 'शाळेत न रमलेल्या' एवढंच लक्षात ठेवतात! पण बाबूराव घरी बसून आराम करत नव्हते, सकाळपासून रात्रीपर्यंत शिकतच होते, हे आवर्जून सांगा.)

तो काळ संगीत नाटकांचा. नाटक कंपन्यांना मागचे पडदे लागायचे: राजवाडा, जंगल, रस्ता, नदीकाठ. आनंदराव आणि बाबूराव या दोघांनी रंगवलेले पडदे एवढे गाजले की मेस्त्री हे आडनाव मागं पडलं आणि लोक 'पेंटर' म्हणायला लागले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठीही त्यांनी काम केलं. सपाट कापडावर खोली दिसली पाहिजे, लांबचा खांब लहान आणि जवळचा मोठा, उजेड एका बाजूनं आला पाहिजे. पुढं कॅमेऱ्यामागं उभं राहिल्यावर हेच ज्ञान कामाला आलं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. फाळके त्यासाठी लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. हा चित्रपट पाहून दोघा भावांना वेड लागलं. विलायतेला जायला पैसे नव्हते. मग त्यांनी जुनं प्रोजेक्टर मिळवलं, चित्रपट दाखवायचा धंदा सुरू केला आणि त्याच यंत्राकडे बघून बघून विचार करायला लागले की, जे यंत्र चित्र दाखवतं त्याच्या उलट्या कामाचं यंत्र आपण का करू नये?

इथं थोडं थांबू या, कारण चित्रपटाचा कॅमेरा म्हणजे नेमकं काय अवघड आहे ते मुलांना कळलं तर गोष्टीची खरी गंमत येते. साध्या कॅमेऱ्यात एकदा झडप उघडली, बंद झाली, काम झालं. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण सोळा फोटो निघावे लागतात. फिल्म सरकत असताना उजेड आत आला तर चित्र फरकटतं. म्हणजे फिल्म भिंगासमोर येऊन एकदम स्थिर उभी राहिली पाहिजे, झडप उघडून मिटली पाहिजे, मग आकड्यानं फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकून तिला बरोबर एक चौकट खाली ओढली पाहिजे, आणि पुन्हा थांब. असं सेकंदात सोळा वेळा, हातानं दांडा फिरवत. घरच्या शिलाई मशीनकडे बघायला सांगा. सुई वर असते तेव्हाच कापड पुढं सरकतं, सुई खाली असताना कापड थांबतं. ल्युमिएर बंधूंना आपल्या यंत्राची युक्ती शिलाई मशीनवरूनच सुचली होती. दाता केसाएवढा जरी चुकला तरी पडद्यावर चित्र थरथरतं. आणि पेटीत कुठून सुईएवढा जरी उजेड शिरला तरी सगळी फिल्म काळी!

हे सगळं करायचं कोल्हापुरात, स्वतःच्या हातानं, नकाशे नसताना. आपल्याकडच्या वाचकांना मी आठवण करून देईन की, याच सुमारास, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला होता. आपल्या कितीतरी मुलांचे आजोबा-पणजोबा तिथं लेथवर उभे राहिलेत. लोखंडाचा एक भाग दुसऱ्यात बरोबर बसवणं म्हणजे काय, हे आपल्या भागाला नव्यानं सांगायला नको.

१९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अर्धाच होता. ज्याच्याबरोबर हात चालायचा तो भाऊच नाही. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे. पण शिष्य विष्णुपंत दामले बरोबर होते आणि यंत्रात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. १ डिसेंबर १९१७ रोजी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पाया घातला गेला. तानीबाई कागलकर या गायिकेनं पैसा उभा करून दिला, छत्रपती शाहू महाराजांचा आधार मिळाला. १९१८ मध्ये घरी घडवलेला कॅमेरा चालू झाला.

त्यातून निघालेला पहिला चित्रपट 'सैरंध्री', फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. फाळक्यांना पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, पुरुषानं ते काम केलं होतं. बाबूरावांकडे गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी उभ्या राहिल्या, कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी. त्या काळी बाईनं कॅमेऱ्यासमोर यायचं म्हणजे काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, विचार करा. भीमानं केलेला कीचकाचा वध तर इतका हुबेहूब झाला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

मग पाच-सहा वर्षं भरभराटीची गेली. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे उभारलेले देखावे, 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगासाठी कृत्रिम दिवे, 'कल्याण खजिना'ला लंडनच्या वेंब्ले प्रदर्शनात पदक. पोशाखाची चित्रं तेच काढायचे, पोस्टर तेच रंगवायचे. हाताखाली दामले होते, फत्तेलाल होते आणि कोल्हापूरचाच शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगा, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम.

१९२५ चा 'सावकारी पाश' मला या सगळ्यात मोठा वाटतो. शेतकऱ्याची जमीन सावकार कागदाच्या फसवणुकीनं गिळतो आणि तो शेतकरी शहरात गिरणीत मजूर होतो, एवढीच गोष्ट. शेतकरी झाले होते शांताराम. अंधारी झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं, असा त्यातला प्रसंग पाहणाऱ्यांच्या कायमचा लक्षात राहिला. मूकपट होता तो, कुत्र्याचा आवाज नव्हताच, तरी! देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रपटांना सरावलेल्या लोकांनी मात्र त्याला गर्दी केली नाही. आपल्याकडे द्राक्षाच्या एका अवकाळीनं घर कसं कर्जात जातं हे वर्गातल्या पोरांनाही ठाऊक आहे, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट सांगताना वर्ग एकदम गप्प होतो. बाबूराव नाइलाजानं पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळले. बोलपट आल्यावर, १९३६ मध्ये, त्यांनी हीच गोष्ट पुन्हा एकदा करून पाहिली.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात कंपनी काढली. प्रभातचं नाव सगळ्यांना माहीत आहे. तिथली माणसं कुणाच्या हाताखाली तयार झाली हे मात्र पटकन सांगता येत नाही. शिक्षक म्हणून हा भाग वाचताना मला जरा लागतं. हाताखालची पोरं गेली, १९३१ मध्ये बोलपट आला, महाराष्ट्र फिल्म कंपनी मिटली. बाबूरावांनी नंतर 'उषा', 'प्रतिभा' असे बोलपट केले, पण जीव पुन्हा चित्रात आणि शिल्पातच रमला. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले. त्यांच्या मूकपटांपैकी फार थोडे तुकडे आज शिल्लक आहेत. ती जुनी फिल्म पटकन पेट घेणारी होती, आणि दाखवून झाल्यावर ती जपायची असते हे तेव्हा फारसं कुणाच्या मनातच नव्हतं.

वर्गात करायचं म्हणाल तर दोन गोष्टी सोप्या आहेत. बुटाच्या खोक्याला एका बाजूला सुईनं भोक आणि समोरच्या बाजूला तेल लावलेला कागद, की उलटी झालेली शाळा त्यावर दिसते. (भोक जरा मोठं झालं की चित्र धूसर होतं, आमची पहिली तीन खोकी अशीच गेली.) दुसरी, वहीच्या कोपऱ्यात एकेका पानावर थोडं थोडं पुढं सरकलेलं चित्र काढून पानं भराभर सोडायची. आमच्या चौथीतल्या त्या प्रश्नवाल्या मुलानं ट्रॅक्टर काढला चाळीस पानांवर. गणिताच्या वहीत काढला, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

आणि अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेलात तर मुलांना घेऊन खरी कॉर्नरला जरूर जा. तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. दर १ डिसेंबरला चित्रपटातली माणसं तिथं हार घालायला येतात. बाकीच्या दिवशी रिक्षा आणि दुचाकींची गर्दी असते, म्हणून मुलांचा हात धरून रस्ता ओलांडा.